घराच्या भिंती आणि बिनतारी इंटरनेट

भंडारदऱ्याचे विल्सन धरण 1926 साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवरील शेतीला हक्काचे पाणी लाभले. उजव्या कालव्याच्या बाजूस वसलेल्या देवळाली प्रवरा या गावाला (नाशिकजवळची छावणीची देवळाली ती निराळी) पाण्याच्या पाळीचा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. चारीच्या तोंडाशी असलेल्या शेताला पाणी भरपूर मिळते आणि शेपटाच्या शेतकऱ्याला मात्र वाट पाहावी लागते, हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. धरणात पाणी आहे, कालवाही वाहतो आहे, तरी शेपटाचे रान कोरडे का राहते, याचे उत्तर तो शेतकरी धरणावर जाऊन शोधत नाही. तो प्रथम आपली चारी पाहतो. कोठे गवत माजले आहे, कोठे पाट फुटला आहे, कोठे माती साचली आहे, हे पाहत पाहत तो खालून वर जातो.

घरातील बिनतारी इंटरनेटची तक्रार नेमकी याच जातीची आहे. उंबरठ्यापर्यंत नेट येते. ओसरीत दूरचित्रवाणी संचाशेजारी ठेवलेल्या राउटरजवळ ते उत्तम चालते. माजघरात ते अडखळते आणि स्वयंपाकघरात किंवा मागच्या खोलीत पोचेपर्यंत आटून जाते. मग दर महिन्याला पैसे भरूनही 'आमच्याकडे रेंज नाही' असे म्हटले जाते आणि अधिक वेगाची, म्हणजेच अधिक पैशांची योजना घेतली जाते. चारी फुटलेली असताना धरणातून जास्त पाणी सोडण्याची मागणी करावी, तसाच हा प्रकार होय.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. 2020 साली शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइलच्या पडद्यावर आले, तेव्हा घरात रेंज कोठे आहे यावर मुलाने अभ्यासाला कोठे बसावे हे ठरू लागले. जिन्याच्या पायरीवर, गच्चीवर, रस्त्याकडेच्या कट्ट्यावर मुले बसली. सातबाराचा उतारा, 2021 पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे अर्ज, बाजारभाव, डॉक्टरांचा सल्ला या सर्व गोष्टी आता त्याच वाटेने घरात येतात. त्यात आणखी एक बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. राउटर बहुधा बैठकीच्या खोलीत असतो, कारण तार तेथून आत येते आणि दूरचित्रवाणी संचही तेथेच असतो. म्हणजे घरातील सर्वांत चांगली रेंज पाहुण्यांच्या आणि पुरुषमंडळींच्या वाट्याला जाते. आतल्या खोलीत अभ्यास करणारी मुलगी आणि स्वयंपाकघरात वावरणारी गृहिणी यांचे स्थान शेपटाला. राउटरची जागा कोणी विचारपूर्वक ठरविलेली नसते, पण तिचा परिणाम मात्र असा ठरल्यासारखा होतो.

म्हणून पहिला शोध घ्यावयाचा तो दोष बाहेरचा की आतला याचा. फोन राउटरपासून पाच-सहा फुटांवर धरावा, घरातील इतर साधने काही मिनिटे बंद ठेवावीत आणि वेग मोजावा. शक्य असल्यास संगणक थेट केबलने राउटरला जोडून पुन्हा मोजावा. तेथेही वेग कमी भरला तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या जोडणीत असतो आणि त्यासाठी सेवा देणाऱ्या कंपनीकडेच तक्रार नोंदवावी लागेल. घरातील कोणत्याही खटाटोपाने तो जाणार नाही. परंतु राउटरजवळ पूर्ण वेग मिळत असेल आणि मागच्या खोलीत तो दहावा हिस्सा उरत असेल, तर कंपनीला दोष देऊन काही उपयोग नाही. मग भिंतींकडे पाहिले पाहिजे.

भिंतीतून लहर जाते, हे आपल्या देशात फार पूर्वी दाखविले गेले आहे. 1895 साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बसू यांनी भिंतीपलीकडे बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजविली होती. पण भिंतीतून लहर जाते याचा अर्थ ती अबाधित जाते असा नव्हे. प्रत्येक भिंत आपला वाटा घेते. घरातील वायफाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालते. एक 2.4 गिगाहर्ट्झचा, ज्याची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा बरीच कमी असते. दुसरा 5 गिगाहर्ट्झचा, ज्याची तरंगलांबी पाच-सहा सेंटिमीटर असते. लांब लहर भिंतीतून तुलनेने सहज पार होते. आखूड लहर अधिक माहिती वाहून नेते, पण भिंतीत लवकर दमते. वेग हवा तर 5 चा पट्टा आणि पोच हवी तर 2.4 चा पट्टा, असा हा सौदा आहे. राउटरच्याच खोलीत किंवा लगतच्या खोलीत 5 चा पट्टा वापरावा आणि दोन भिंती ओलांडल्या की 2.4 चा, हा साधा नियम बहुतेक घरांना लागू पडतो.

लहरीची शक्ती मोजण्याचे परिमाण डेसिबल हे आहे. अँड्रॉइड फोनवर मोफत मिळणाऱ्या साधनांतून ती उणे आकड्यांत दिसते. उणे 50 म्हणजे उत्तम. उणे 67 च्या आसपास दृक्श्राव्य तास नीट चालतो. उणे 80 ला पडद्यावर चक्र फिरत राहते. यातील खुबी अशी की हे आकडे सरळ वजाबाकीचे नाहीत. उणे 60 वरून उणे 70 वर जाणे म्हणजे शक्ती एकदशांश होणे, आणि केवळ 3 चा फरक म्हणजे शक्ती निम्मी होणे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की शक्ती चतुर्थांश उरते. विटांची नऊ इंची भिंत मध्ये आली तर 2.4 च्या पट्ट्यातही निम्मी किंवा त्याहून अधिक शक्ती खर्ची पडते. सिमेंट-सळईच्या स्लॅबमधून वरच्या मजल्यावर जाताना अनेकदा दहावा हिस्साही शिल्लक राहत नाही. फोनवरच्या तीन-चार रेघांवरून हे कळत नाही. आकडा पाहिला की कळते.

देवळाली प्रवरा नगरपरिषदेच्या हद्दीत तीन तऱ्हेची घरे आढळतात आणि तिन्हींचे दुखणे वेगळे आहे. जुन्या गावठाणात दगड-मातीच्या जाड भिंती आणि पांढऱ्या मातीचे धाबे असलेली घरे अजून टिकून आहेत. दीड-दोन फुटांची भिंत उन्हाळ्यात घर थंड ठेवते हे खरे, पण ती लहरीही तितक्याच निष्ठेने अडविते आणि पावसाळ्यात ओल धरली की आणखी गिळते, कारण पाणी या लहरी शोषून घेते. अशा घरात लहर भिंतीतून नेण्याचा हट्ट धरू नये. ती दारातून न्यावी. माजघराचे दार आणि मागील दार यांची रेषा जुळत असेल तर त्या रेषेत ठेवलेला राउटर कोपऱ्यातील राउटरपेक्षा कितीतरी अधिक काम देतो.

राहुरी फॅक्टरीच्या परिसरातील स्लॅबच्या घरांत अडचण वेगळी आहे. भिंती पातळ आहेत, पण घरे एकमेकांना लागून आहेत आणि प्रत्येक घरात राउटर आहे. तेथे लहर पोचते, परंतु शेजाऱ्यांच्या लहरींच्या गलबल्यात ती ऐकू येत नाही. तिसरा प्रकार शेतातील वस्त्यांचा. तेथे पत्र्याचे छत, लोखंडी दारे आणि सभोवती ऊस असतो.

पत्रा, लोखंडी कपाट, भांड्यांची मांडणी, मोठा आरसा आणि गच्चीवरची पाण्याची टाकी हे लहरींचे खरे शत्रू होत. धातूवरून लहर परतते. पाण्यात ती विरते. धातू सलग असावा लागतो असेही नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 30 तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे. या तबकड्या पत्र्याच्या नसून बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला. अवकाशातून येणाऱ्या लहरींना मात्र ती जाळी सलग आरशासारखी भासते, कारण जाळीची छिद्रे लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळच लहान आहेत.

हाच न्याय घराच्या खिडकीला लागू आहे. डास येऊ नयेत म्हणून लावलेली तारेची बारीक जाळी वायफायच्या लहरीला जवळपास भिंतच असते. नायलॉनची जाळी तिला अडवीत नाही. खिडकीचे गज वीतभर अंतरावर असतील तर विशेष बिघडत नाही. गिलाव्याला भेगा पडू नयेत म्हणून आत तारेची जाळी बसविलेली असेल, तर ती वरून दिसत नाही, परंतु एका खोलीत रेंज अनाकलनीय रीतीने नाहीशी होते तिचे कारण कित्येकदा तीच असते. वस्तीवर राहणाऱ्याने बाहेरच्या खोलीतील राउटरची लहर गोठ्यातील किंवा अंगणातील कॅमेऱ्यापर्यंत न्यावयाची असेल, तर नवे यंत्र विकत घेण्याआधी मधल्या खिडकीची जाळी कशाची आहे ते पाहावे.

राउटरची जागा निवडण्यासाठी एक दुपार पुरते. लांब केबल किंवा वाढीव तार घेऊन राउटर तात्पुरता चार-पाच ठिकाणी ठेवावा आणि प्रत्येक वेळी अभ्यासाची जागा, स्वयंपाकघर व मागची खोली येथील आकडे कागदावर लिहावेत. फोन प्रत्येक वेळी त्याच उंचीवर आणि त्याच दिशेने धरावा, कारण मध्ये माणूस उभा राहिला तरी आकडा घसरतो. मनुष्यदेहात पाणीच अधिक. सामान्यतः जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, उघड्या फळीवर, घराच्या मध्याशी ठेवलेला राउटर चांगला ठरतो. दूरचित्रवाणी संचाच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा शोभेच्या बंद कपाटात तो ठेवू नये. घराच्या रस्त्याकडील टोकाला ठेवलेल्या राउटरची निम्मी शक्ती रस्त्याला मिळते, हेही ध्यानात घ्यावे.

बाहेर दिसणाऱ्या दांडीच्या अँटेनाविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. दांडी ज्या दिशेला रोखलेली असते त्या दिशेला लहर जाते, अशी समजूत आढळते. वस्तुतः उभ्या दांडीतून लहर चहूबाजूंना आडवी पसरते आणि दांडीच्या टोकाच्या दिशेने फारच थोडी जाते. एकमजली घरात सर्व दांड्या उभ्या ठेवाव्यात. वरच्या मजल्यावर पोच हवी असेल तर एक दांडी आडवी करून पाहावी. दांड्या जास्त म्हणजे पोच जास्त, हेही खरे नाही.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : अधिक शक्तीचा राउटर आणला तर काम भागणार नाही काय? याचे उत्तर बिनतारी इंटरनेटच्या स्वभावात आहे. आकाशवाणीचे केंद्र बोलते आणि घरातील संच ऐकतो. तेथे संचाला उलट बोलावे लागत नाही. इंटरनेटमध्ये मात्र फोनला सतत उत्तर द्यावे लागते. एक पान मागविणे हेही बोलणेच आहे आणि आलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच देणे हेही बोलणेच. फोनची शक्ती आणि त्याची अँटेना दोन्ही लहान. राउटर मोठ्याने ओरडला तरी मागच्या खोलीतील फोनचा क्षीण आवाज त्याला ऐकू गेला नाही, तर संभाषण तुटते. पडद्यावर रेघा पूर्ण दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, या कोड्याचे हे एक मोठे कारण आहे. शिवाय विनापरवाना वापरावयाच्या पट्ट्यांत शक्तीची कमाल मर्यादा नियमांनीच घालून दिलेली आहे. राउटरमागे ॲल्युमिनियमचा कागद किंवा स्टीलची परात उभी करण्याचा उपाय कोणीतरी सांगितलेला असतो. त्याने एका बाजूची लहर थोडी वाढते, दुसऱ्या बाजूची तितकीच जाते. बाहेरच्या भिंतीलगत राउटर ठेवणे अटळ असेल तर तो करून पाहण्यास हरकत नाही. परातीचे काम स्वयंपाकघरात अधिक आहे, एवढेच.

दाट वस्तीत गलबल्याचा प्रश्न शक्तीपेक्षा मोठा असतो. 2.4 चा पट्टा भारतात जानेवारी 2005 पासून परवान्यावाचून वापरता येतो. तो अर्थातच सर्वांनाच वापरता येतो. शेजाऱ्याचा राउटर, ब्लूटूथची साधने यांचा वावर तेथेच असतो, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही नेमकी याच लहरींच्या आसपास चालते. या पट्ट्यात वाहिन्या 13 दिसतात, पण एकमेकींच्या अंगावर न येणाऱ्या तीनच निघतात. त्यासाठी 1, 6 आणि 11 या क्रमांकांची निवड रूढ आहे. शेजारची चार घरे 6 वर असतील तर आपण 1 किंवा 11 वर जावे. 3 किंवा 8 निवडून मधला मार्ग काढल्याचे समाधान मिळते, परंतु दोन्हीकडचा गोंगाट पदरी पडतो. ऐकण्यासाठी शांतता लागते, हे बिनतारी विद्येला प्रारंभापासून उमगले होते. 1927 साली मुंबई इलाख्यातून इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे होते आणि ग्रहण केंद्र मात्र त्यापासून दूर, श्रीगोंद्याला लागून असलेल्या दौंड येथे. बोलण्याची आणि ऐकण्याची जागा वेगळी ठेवली, म्हणजे आपल्याच आवाजाने आपले कान बधिर होत नाहीत.

पाळीचा दृष्टान्त येथे पुन्हा उपयोगी पडतो. एका वाहिनीवर एका वेळी एकच साधन बोलते. बाकीची थांबतात. जवळचा फोन आपले काम झटकन उरकतो. दूरच्या खोलीतील, उणे 80 वर कसेबसे ऐकू येणारा फोन मात्र तेवढेच काम अतिशय संथ गतीने करतो आणि तेवढा वेळ पाट अडवून बसतो. फुटक्या चारीवरच्या शेताची पाळी लांबली की पुढच्या सर्वांची खोळंबते, तसे हे आहे. त्यामुळे शेपटाच्या खोलीतील रेंज सुधारली तर त्या खोलीचेच नव्हे, ओसरीतील वापरणाऱ्याचेही नेट सुधारते. दूरचित्रवाणी संच, बैठा संगणक, कॅमेऱ्याची पेटी ही जागची न हलणारी साधने केबलने जोडली तर ती या पाळीतून पूर्णपणे बाहेर पडतात. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

एवढे करूनही मागची खोली कोरडी राहिली तर दुसरे यंत्र लागेल. बाजारात पुनःप्रक्षेपक, म्हणजे रिपीटर, सहज मिळतो आणि तो जेथे रेंज नाही त्याच खोलीत लावण्याची प्रथा आहे. जो स्वतःच ऐकू शकत नाही तो पुढे काय सांगणार? रिपीटर निम्म्या वाटेवर, जेथे रेंज अजून चांगली आहे तेथे लावावयाचा असतो. एकच रेडिओ असलेला रिपीटर ऐकत असताना बोलू शकत नाही, म्हणून त्याच्यामागे वेग सुमारे निम्मा होतो. 'मेश' म्हणून विकले जाणारे संच हे काम अधिक समजुतीने करतात, तरी दोन पेट्यांमध्ये दीड फुटाची दगडी भिंत आली तर त्यांचेही शहाणपण चालत नाही. खरा उपाय म्हणजे राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत नेटवर्कची केबल नेऊन तेथे दुसरे वायफाय केंद्र बसविणे. ही केबल 100 मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते. जुन्या घरात भिंत फोडण्याची गरज नसते. खिडकीच्या चौकटीतून, धाब्याच्या कडेने ती नेता येते. उघड्यावर जाणार असेल तर उन्हापावसात टिकणारी जात घ्यावी. घरातला जुना राउटर बहुधा कपाटात पडून असतो. त्यात वायफाय केंद्र म्हणून काम करण्याची सोय असेल तर तोही या कामी येतो.

वस्त्यांचा प्रश्न घराबाहेरचा आहे आणि तो या भागात विशेष जाणवतो. गावापासून किलोमीटर-दोन किलोमीटरवरील वस्तीला फायबरची तार परवडत नाही, तेव्हा दोन टोकांना खांब उभारून 5 गिगाहर्ट्झच्या दिशादर्शी अँटेनांनी नेट नेले जाते. हा पट्टा घराबाहेर परवान्यावाचून वापरण्याची मोकळीक ऑक्टोबर 2018 मध्ये विस्तृत करण्यात आली. जोडणी उन्हाळ्यात होते, शेते मोकळी असतात, समोरचा खांब स्पष्ट दिसतो आणि वेग उत्तम मिळतो. पुढे श्रावण-भाद्रपदात नेट अडखळू लागते. यंत्रात काही बिघडलेले नसते. मधला ऊस वाढलेला असतो.

खांबावरून खांब दिसला म्हणजे मार्ग मोकळा, असे डोळ्याला वाटते. लहरीला मात्र रेषा पुरत नाही. तिला त्या रेषेभोवती मध्याशी फुगलेली, लांबट काकडीच्या आकाराची मोकळी जागा लागते. एक किलोमीटरच्या अंतरासाठी 5.8 गिगाहर्ट्झवर या जागेची मध्यावरील त्रिज्या सुमारे साडेतीन मीटर भरते. तिचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे रेषेखालचे दोन मीटरहून थोडे अधिक अंतर, मोकळे हवे. पूर्ण वाढलेला ऊस तीन-चार मीटर उंच असतो. तेव्हा सपाट रानात दोन्ही टोकांना अँटेना जमिनीपासून सहा-सात मीटरवर असेल तरच ही वाट बारमाही राहील. घराच्या कट्ट्यावर चार मीटरवर लावलेली अँटेना मे महिन्यात चालेल आणि ऑगस्टमध्ये थांबेल. त्यातही आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो, म्हणजे त्याचे दोन पावसाळे जातात, आणि ओल्या पानांचा दाट पडदा कोरड्या पाचटापेक्षा कितीतरी अधिक लहर शोषतो. खांबाची उंची लागणीच्या वेळचे रान पाहून ठरवू नये. तोडणीआधीचा ऊस डोळ्यांपुढे ठेवून ठरवावी. वाटेत लिंबाचे किंवा चिंचेचे झाड असेल तर पुढील पाच वर्षांत ते किती वाढेल याचाही अंदाज घ्यावा.

लांब तरंगलांबीच्या लहरी झाडोऱ्यातून अधिक सुलभतेने जातात. पालघर जिल्ह्यातील गावांत मुंबईच्या आय.आय.टी.च्या प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राममार्ग प्रकल्पात दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या जागा वापरून असा प्रयोग केला आणि 2017 साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत त्यास पहिले पारितोषिक मिळाले. तो पट्टा मात्र सर्वसामान्यांना परवान्यावाचून खुला नाही. वस्तीवरील शेतकऱ्याच्या हाती आज उंच खांब आहे. त्या खांबाला अर्थिंग केलेच पाहिजे. वळवाच्या पावसात मोकळ्या रानातील सर्वांत उंच वस्तू तीच असते. आभाळ गडगडू लागल्यावर खांबाजवळ जाऊ नये आणि राउटरकडे येणारी केबल आधीच काढून ठेवावी.

फायबर नाही आणि खांबाची जोडणीही नाही, अशा घरांत मोबाइलच्या मनोऱ्यावरून नेट घेणारा राउटर वापरला जातो. त्याचे नियम घरातील राउटरच्या उलट आहेत. तो घराच्या मध्याशी नको. मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत, शक्य तितका उंच, पत्र्याच्या आडोशाबाहेर हवा. घरावर पत्रा असेल तर बाहेरची अँटेना छपरावर लावून तार आत घ्यावी. मनोरा कोणत्या बाजूला आहे हे गावातील माणसांना ठाऊक असतेच. तरी राउटर हळूहळू फिरवून प्रत्येक दिशेचा आकडा पाहावा, कारण सर्वांत जवळचा मनोरा सर्वांत उपयोगी असतोच असे नाही.

याच ठिकाणी एका गोष्टीविषयी स्पष्ट इशारा दिला पाहिजे. 'रेंज वाढविणारे यंत्र' या नावाने मोबाइलचे बूस्टर विकले जातात. मोबाइलच्या लहरींचा पट्टा सरकारने सेवा देणाऱ्या कंपन्यांना नेमून दिलेला असतो. परवानगीवाचून असे यंत्र बसविणे हा कायद्याने गुन्हा आहे. तो केवळ कागदोपत्री गुन्हा नव्हे. निकृष्ट बूस्टर मनोऱ्याच्या कानाशी गोंगाट करतो आणि त्यामुळे एका घरातील रेंज वाढून शेजारच्या चार घरांची जाते. फुटक्या चारीवर चोरून इंजिन लावून पाणी उपसण्यासारखेच ते आहे. घरात वायफाय चांगले असेल तर त्याची गरजही उरत नाही. आजच्या बहुतेक फोनमध्ये वायफायवरून कॉल करण्याची सोय असते. ती फोनच्या सेटिंगमध्ये एकदा सुरू केली की दगडी भिंतीआडच्या खोलीतही फोन वाजू लागतो. आजारी माणूस आतल्या खोलीत झोपलेला असेल, तर त्याच्या उशाशी फोन लागणे ही लहानसहान गोष्ट नाही.

राहता राहिली वीज. नेट दर थोड्या वेळाने जाते आणि दोन-तीन मिनिटांनी परत येते, अशी तक्रार असेल तर रेंजचा आकडा पाहण्याआधी राउटरवरचे दिवे पाहावेत. सायंकाळी मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब उतरतो, राउटर बंद पडून नव्याने सुरू होतो आणि दोष रेंजवर जातो. बहुतेक घरगुती राउटर 12 व्होल्टवर चालतात व त्यांना वीज अगदी थोडी लागते. त्यासाठी तळहाताएवढी बॅटरीची पेटी मिळते आणि ती भारनियमनाचे काही तास काढून देते. फायबरची जोडणी असेल तर तारेच्या टोकाची पेटी आणि राउटर वेगवेगळे आहेत का ते पाहून दोन्ही त्या बॅटरीवर घ्यावेत. एकच घेतले तर वायफायच्या रेघा दिसत राहतात आणि इंटरनेट मात्र येत नाही.